डोळ्यातला घड, डोळ्यातली बाळी: एकाच पेशीतनं सगळं येतं तर वेगळेपण कुठनं येतं?

माळावरची_बाग (तासगाव तालुका)

नमस्कार मंडळी. हा धागा द्राक्षबागेचा आहे आणि दहावीच्या विज्ञानाचा पण आहे, त्यामुळं कुठं टाकावा कळत नव्हतं, शेवटी इथंच टाकतोय.

परवा फळछाटणीच्या आधी डोळे (पानाच्या बेचक्यातले कोंब) तपासायला काड्या घेऊन लॅबला गेलो होतो. पोरगीला सुट्टी होती म्हणून ती पण गाडीवर मागं बसून आली. तिथल्या ताईंनी काडीवरचा एकेक डोळा ब्लेडनं वरनं हळूहळू सोलला, आधी तपकिरी खवलं, मग आतली कापसासारखी लव, आणि मग भिंगाखाली ठेवून म्हणाल्या बघ. पोरगीनं बघितलं, मग मी बघितलं. आत पांढरट हिरवट गोळा, सुईच्या टोकाएवढा, आणि त्यावर अजून बारीक बारीक फुगवटे, कोवळ्या कणसावर दाणं धरायला लागल्यासारखे. हा घड. अजून छाटणी नाही, फूट नाही, पाणी वाढवलेलं नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीत तोडायचा घड आत्ताच तिथं बसलाय. मग दुसऱ्या काडीचा डोळा सोलला तर त्यात नुसती दोन फाट्याची काडी. ताई म्हणाल्या ही बाळी, वेल आधाराला गुंडाळतो तो तंतू. आणि पुढं एक गोष्ट म्हणाल्या ती डोक्यात अडकून बसली: घड आणि बाळी दोन्ही सुरू एकाच गोळ्यापासनं होतात, सुरुवातीला भिंगाखाली बघून सुद्धा सांगता येत नाही की ह्याचं काय होणार.

मला ह्यात जास्त लागलं कारण गेल्या साली माझ्या अर्ध्या बागेत हेच झालं. मे महिन्यात वळीव, मग दिवसच्या दिवस आभाळ, त्यात विरळणी माझ्याकडनं लांबली आणि मांडवाखाली अंधार. ऑक्टोबरला छाटल्यावर गोळीघड (अर्धवट राहिलेले घड) आणि बाळ्या. झाडं तीच, काडी तीच, खत तेच.

येताना पोरगीनं गाडीवरच विचारलं, "पप्पा, सूत्री विभाजनात दोन्ही पेशी तंतोतंत सारख्या होतात असं पुस्तकात आहे. मग एका गोळ्यातल्या सगळ्या पेशी सारख्याच असणार. तर एकाचा घड आणि एकाची बाळी कशी झाली? आणि मी पण एका पेशीपासनंच झाले ना, मग डोळा वेगळा आणि नख वेगळं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. इथं शिक्षक आहेत, लॅबवाले आहेत, नीट समजावून सांगा. तिला वाचायला देणार आहे.

---

खडूफळा (मिरज)

दादा, आधी लेकीला सांगा की प्रश्न एकदम बरोबर जागी पडलाय. दहावीचं पुस्तक सूत्री विभाजन शिकवतं, पूर्वावस्था मध्यावस्था पश्चावस्था अंत्यावस्था पाठ होतात, गुणसूत्रांची सारखी वाटणी होते इथवर मुलं येतात आणि तिथं धडा संपतो. तिचा प्रश्न धडा संपतो तिथनं पुढं सुरू झालाय. मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते, हा प्रश्न स्वतःहून विचारणारी मुलं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी भेटली.

तर वाटणी सारखीच होते, हे खरं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच ४६ गुणसूत्रं, सगळा डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर लांब, आणि त्यात प्रथिनं बनवणारी वीसेक हजार जनुकं. इन्सुलिनचं जनुक स्वादुपिंडात आहे तसं ते डोळ्याच्या पेशीत पण आहे आणि त्वचेच्या पेशीत पण आहे. फरक एवढाच की त्वचेतली पेशी ते कधी वाचत नाही.

मी मिरजेची, म्हणून वर्गात सतारीचं उदाहरण देते. सतार तीच, पडदे तेच. भूप वाजवताना मध्यम आणि निषाद वर्ज्य. म्हणून काय ते सूर सतारीवरनं खरवडून काढलेत का? सूर तिथंच आहेत, ह्या रागात त्यांना बोट लावायचं नाही इतकंच. यकृताची पेशी एक राग, मज्जापेशी दुसरा राग. सूर सगळ्यांकडं सगळे आहेत, कुठले वर्ज्य ह्यावर पेशी कोण ते ठरतं.

आता वर्ज्य म्हणजे प्रत्यक्षात काय होतं. डीएनएचा धागा प्रथिनांच्या गोळ्यांना गुंडाळलेला असतो, रिळाला दोरा असतो तसा. जिथं घट्ट गुंडाळलाय तिथलं वाचताच येत नाही. शिवाय काही ठिकाणी मिथाइल नावाची बारीकशी रासायनिक खूण बसते आणि ते जनुक गप्प राहतं. आणि काही खास प्रथिनं असतात ती ठरावीक जनुकापाशी जाऊन चिकटतात आणि वाचन सुरू करतात. हा सगळा मिळून पेशीचा राग.

आणि लेकीच्या प्रश्नाला खरं उत्तर इथं आहे: पेशी दुभंगते तेव्हा डीएनएच्या नकलेबरोबर ह्या खुणा पण बऱ्याच अंशी पुढच्या दोन पेशींकडं जातात. म्हणून यकृताच्या पेशीची लेक यकृताचीच होते, दर वेळी नव्यानं ठरवावं लागत नाही.

---

हळदगाठ (सांगली, मार्केट यार्ड)

मॅडम, मी कॉमर्सवाला, माझ्या डोक्यात एक शंका आली ती विचारतो. पुढच्या पेशींना खुणा आधीच्या पेशीकडनं मिळतात हे पटलं. पण अगदी पहिल्या पेशीला काहीच वर्ज्य नव्हतं ना? मग पहिली खूण कुणी केली? सगळे भाऊ सारखे, घर एक, वाटणी सारखी, मग एक भाऊ वेगळा कसा निघाला?

---

खडूफळा (मिरज)

हळदगाठ, एकाच घरातले भाऊ असले तरी एक दाराजवळ झोपतो आणि एक मधे झोपतो. थंडी कुणाला लागते?

माणसाच्या गर्भात अगदी हेच होतं. युग्मनज, म्हणजे ती पहिली पेशी, दुभंगतो, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ह्या काळात पेशी आकारानं वाढत नाहीत, तोच गोळा आतल्या आत लहान लहान तुकड्यात वाटला जातो. सोळाच्या आसपास झाल्या की काही पेशी बाहेरच्या बाजूला राहतात आणि काही चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी वेढल्या जातात. बाहेरच्या पेशीची एक बाजू मोकळी, आतल्या पेशीची एकही बाजू मोकळी नाही. एवढ्या फरकावर पहिली फाटाफूट होते. बाहेरच्यांपासनं पुढं वार तयार होते, आतल्यांपासनं बाळ. पाचव्या दिवशी भिंगाखाली हे दोन गट स्वच्छ वेगळे दिसतात.

मग तिसऱ्या आठवड्यात आतल्या पेशी सरकून तीन थर होतात. बाहेरच्या थरापासनं त्वचा, आणि त्याच थरापासनं मेंदू पण. मधल्या थरापासनं हाडं, स्नायू, हृदय, रक्त. आतल्या थरापासनं आतड्याचं अस्तर, यकृत, फुप्फुसांचं अस्तर. त्वचा आणि मेंदू सख्खी भावंडं आहेत हे वर्गात सांगितलं की मुलं आपल्या हाताकडं बघायला लागतात.

जागेवरनं ठरतं हे लोकांना कळायला किती दिवस लागले तेही सांगते, कारण मला ही माणसं फार मोठी वाटतात. १८९१ साली हान्स ड्रीश ह्या जर्मन शास्त्रज्ञानं समुद्री साळिंदराचा (समुद्रातला गोल काटेरी प्राणी) दोन पेशींचा गर्भ हलवून हलवून त्या दोन पेशी सुट्या केल्या. अर्धा अर्धा जीव होईल अशी त्याची अपेक्षा. दोन्हीकडनं पूर्ण अळी झाली, आकारानं लहान पण पूर्ण. म्हणजे शेजारीण गेलेली पेशीला कळलं आणि तिनं सगळं काम अंगावर घेतलं.

आणि दुसरी गोष्ट हिल्डे मँगोल्डची. हान्स श्पेमान ह्यांच्या प्रयोगशाळेत शिकणारी मुलगी. पालीसारखा दिसणारा न्यूट नावाचा प्राणी असतो, त्याच्या गर्भाचा एक बारीकसा तुकडा तिनं कापला आणि दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला लावला. दोन गर्भ वेगळ्या रंगाचे निवडले होते, म्हणजे कुठली पेशी कुणाची ते नंतर ओळखता यावं. पोटाच्या जागी दुसरी पाठ उगवली, दुसरा मज्जारज्जू, जवळजवळ जोडलेलं दुसरं पिल्लू. आणि रंग बघितला तर त्या दुसऱ्या पिल्लातल्या बऱ्याचशा पेशी ज्याच्यावर तुकडा लावला त्याच्याच. त्या पोटाची त्वचा होणार होत्या, नव्या शेजाऱ्यानं त्यांना मेंदू व्हायला लावलं. हे काम १९२४ साली छापून आलं आणि त्याच वर्षी घरातल्या चुलीच्या अपघातात भाजून ती गेली. नोबेल १९३५ ला श्पेमानना मिळालं. मी दर वर्षी वर्गात तिचं नाव फळ्यावर लिहिते.

---

खुडूक (विटा)

मी पोल्ट्रीवाला, हॅचरीचं काम बघतो, शिक्षण बारावी. पण हे जे मॅडम सांगतायत ते मी रोज डोळ्यांनी बघतो म्हणून लिहितो.

तुम्ही गावाकडं खुडूक कोंबडी बसवताना बघितली असंल. कोंबडी रोज एक असं बारा-पंधरा दिवस अंडी घालते, मग आई ती सगळी गोळा करून बुट्टीत भुस्सा घालून एका दिवशी तिच्याखाली ठेवते. आता पहिलं अंडं पंधरा दिवस जुनं, शेवटचं कालचं, तरी पिल्लं सगळी एकविसाव्या दिवशी बरोबरच बाहेर. लहानपणी मला ह्याचं लई नवल वाटायचं. कारण असं की अंडं घातलं जातं तवाच आत हजारो पेशी झालेल्या असतात, पिवळ्या बलकावर पांढरी टिकली दिसते ती तीच. पण बाहेर गार लागलं की विभाजन थांबतं. मरत नाही, थांबतं. कोंबडी बसली, ऊब मिळाली की सगळी एकदम पुढं चालू. हॅचरीत आम्ही पण अंडी पंधरा-अठरा डिग्रीला साठवतो आणि मग मशीनला साडेसदतीसच्या आसपास लावतो.

अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली बॅटरी धरायची. चौथ्या दिवशी मधे लाल ठिपका आणि त्याच्यापासनं चारी बाजूला शिरा, कोळ्यासारखं दिसतंय. तो ठिपका उडतोय. हृदय तर दुसऱ्याच दिवशी चालू झालेलं असतंय, तवा त्याला डोकं पण धड झालेलं नसतं. म्हंजे काय व्हायचं ते सगळं एकदम होत नाही, ज्याची गरज आधी ते आधी. रक्त फिरवायला पाहिजे म्हणून हृदय पहिलं. अठराव्या दिवशी बॅटरी धरली की सगळं काळं, फक्त वरची हवेची पोकळी उजळ, आणि त्याच्या कडेला पिल्लाची सावली हलताना दिसली की दिवस चांगला जातो.

पहिल्या आठवड्यात, अवयव घडत असताना, मशीनचं टेंपरेचर बिघडलं तर पिल्लाचं नुकसान मोठं होतं. मला वाटतं बागवाल्या दादांच्या मे महिन्याचं हेच असावं.

---

माळावरची_बाग

खुडूक भाऊ, शेवटचं वाक्य वाचून काटा आला अंगावर. माझं नुकसान ऑक्टोबरात दिसलं पण झालं होतं मे-जूनमध्येच, आणि तवा बागेकडं बघून काहीच कळत नव्हतं, पानं हिरवीगार होती.

---

केळीची_रोपं (वाळवा तालुका)

मी टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते, केळीची रोपं बनवतो आम्ही. द्राक्षाचं उत्तर माझ्याकडं थोडं आहे.

खरड छाटणीनंतर (फळं निघाल्यावर उन्हाळ्यात करतो ती) नवीन काडी वाढत असते आणि पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यात तो गोळा तयार होतो. त्याला अजून काही ठरवून दिलेलं नसतं. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिने हा ठरायचा काळ, म्हणून सगळे तज्ज्ञ सबकेन (शेंडा मारून बगलफुटीवर काडी घेणं), शेंडा खुडणं, विरळणी वेळेत करा म्हणून मागं लागतात. त्या गोळ्याभोवती सायटोकायनिन नावाचं झाडाचं संप्रेरक जास्त असेल तर तो फाटत फाटत घड होतो. जिबरेलिन ह्या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर असेल तर बाळी. ऊन चांगलं मिळालं, डोळ्यावर उजेड पडला, काडीत अन्न साठलं तर पारडं घडाकडं झुकतं. आभाळ, दाट मांडव, नत्राचा जोर आणि शेंडा नुसता पळत असेल तर बाळीकडं. ऑस्ट्रेलियात श्रीनिवासन आणि मलिन्स ह्या दोघांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाळ्या कापून नळीत वाढवल्या आणि त्यांना सायटोकायनिन दिलं, तर त्या बाळ्यांचे घड झाले. म्हणजे कोवळ्या बाळीतही घडाचं ज्ञान तसंच पडून होतं. खडूफळा मॅडमचा वर्ज्य सूर, अगदी तोच.

आमच्या लॅबमध्ये हेच रोज चालतं. केळीच्या मुनव्याचा (बुडातनं फुटलेल्या कोंबाचा) गाभा सोलत सोलत आतल्या वाढीच्या टोकापर्यंत जायचं, तिथं विभाजी ऊती असते, ह्या पेशींनी अजून काम निवडलेलं नसतं, फक्त दुभंगत राहतात. बरणीत ठेवून सायटोकायनिन जास्त दिलं की कोंबच कोंब. मग ऑक्झिन ह्या तिसऱ्या संप्रेरकाच्या माध्यमात हलवलं की त्याच कोंबांना मुळं. स्कूग आणि मिलर ह्यांनी १९५७ साली तंबाखूच्या पेशींवर हे दाखवलं की सायटोकायनिन आणि ऑक्झिनचं प्रमाण बदललं की कधी कोंब, कधी मुळं, आणि दोन्ही बेताचं असलं की नुसता गोळा. सहा-बीए नावाचं जे सायटोकायनिन तुम्ही बागेत फवारता तेच आमच्या बरणीत असतं. बाटली वेगळी, काम एकच.

आणि आपल्याकडचा एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी ह्यांनी धोतऱ्याच्या फुलातले परागकोश माध्यमावर ठेवले आणि परागकणापासनं अख्खं रोप मिळवलं. परागकण म्हणजे अर्धी गुणसूत्रं, त्याचं काम फक्त बीजांडापर्यंत पोचायचं. त्याला नव्या जागी ठेवल्यावर तो रोप झाला. जगात पहिल्यांदा. आपल्या उकिरड्यावर उगवणारा धोतरा.

---

पलूसचा_माणूस

एवढं सगळं कशाला, वेळेवर सीसीसी (वाढ रोखायचं औषध) मारलं की जिबरेलिन दबतंय आणि घड येतोयच. आमच्याकडं सगळे मारतात.

---

केळीची_रोपं (वाळवा तालुका)

सीसीसी जिबरेलिन बनणं अडवतं हे खरं आहे दादा. पण येतोयच असं नका म्हणू. उजेड नसेल, काडीत अन्न नसेल तर नुसतं दाबून घड कुठनं येणार? आणि माल युरोपला जात असेल तर २०१० आठवा, ह्याच औषधाच्या अवशेषापायी तिकडं द्राक्षं अडकली होती आणि किती घरं त्यात बुडाली. ते झाडात टिकून राहतं. माझी कळकळीची विनंती आहे, आधी विरळणी, मग बाटली.

---

पलूसचा_माणूस

ते २०१० चं बरोबर आहे ताई, आमच्या पाहुण्यात पण झालं होतं. मानलं.

---

सांगली_सिस्टर

मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. धागा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

बाळ जन्मलं की आम्ही पहिल्यांदा बोटं मोजतो. गर्भात हाताची सुरुवात वल्ह्यासारखी होते, चपटी, बोटं नसतात. मग बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मधल्या पेशी राहतात म्हणून पडदा. एखाद्या बाळाची दोन बोटं जुळलेली असतात ती ह्या कामात कमी पडल्यामुळं. पेशींनी मरणं हाही वाढीचा भाग आहे हे मला नर्सिंगला असताना पहिल्यांदा कळलं आणि मी वसतिगृहात त्या रात्री किती वेळ हाताकडं बघत बसले होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाठीवरच्या बाहेरच्या थराची एक पट्टी मधे दबते, कडा वर येतात आणि नळी मिटते, तीच पुढं मेंदू आणि मज्जारज्जू. ही नळी गर्भ राहिल्यापासनं २८ दिवसांच्या आसपास मिटलेली असते. २८ दिवस म्हणजे बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले, कित्येकींना तोवर कळलेलंही नसतं. ती मिटली नाही तर बाळाच्या पाठीवर उघडी गाठ. फॉलिक ॲसिडची गोळी हा धोका बराच कमी करते, पण ती आधीपासनं चालू पाहिजे, रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरवलं त्या महिन्यापासनंच. आमच्याकडं बायका तिसऱ्या महिन्यात येतात आणि तेव्हा गोळी मागतात. घरात सून, बहीण, लेक असेल तर हे वाचून दाखवा. कुणाला आधी असा त्रास झाला असेल तर डोस वेगळा असतो, तेव्हा डॉक्टरना विचारायचं.

---

खडूफळा (मिरज)

सिस्टर, मनापासून धन्यवाद, हे मी उद्या बारावीच्या मुलींना सांगणार.

पेशींच्या मरणाचं एक पक्कं मोजमाप आहे. मातीत एक मिलिमीटरभर लांब पारदर्शक कृमी असतो, सी. एलिगन्स. जॉन सल्स्टन आणि सोबत्यांनी भिंगाखाली बसून त्याची एकेक पेशी कुणापासनं झाली त्याची अख्खी वंशावळ लिहिली. त्याच्या द्विलिंगी प्रकारात शरीराच्या १०९० पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ मरतात, ९५९ राहतात. दर कृमीत तेवढ्याच, त्याच, त्याच वेळी. २००२ चं नोबेल ह्या कामाला मिळालं, सल्स्टनबरोबर ब्रेनर आणि हॉर्विट्झ ह्यांना.

---

माळावरची_बाग

मी पप्पांच्या अकाउंटवरनं लिहितेय, मुलगी. सगळं दोनदा वाचलं. सगळ्यांना थँक्यू.

मी एक गणित केलं. माणसात साधारण ३७ लाख कोटी पेशी असतात असं वाचलं होतं. एकापासनं दुप्पट दुप्पट करत गेले. १० वेळा केलं की १०२४. २० वेळा केलं की दहा लाखाच्या थोडं वर. ३० वेळा, १०७ कोटी. आणि ४५ वेळा केलं की ३५ लाख कोटी. फक्त ४५! मला वाटलं होतं लाखो वेळा लागेल. वहीचं एकच पान लागलं.

दोन प्रश्न आहेत. एक, एकदा राग ठरला की परत मागं जाता येतं का, म्हणजे त्वचेची पेशी परत पहिल्यासारखी होऊ शकते का? दोन, आमच्याकडं तीन रंगांची मांजर आहे, पांढरी काळी आणि तांबडी. तिच्या सगळ्या पेशी सारख्या तर ठिपके कसे?

---

खडूफळा (मिरज)

बाळा, गणित बरोबर आहे. फक्त खऱ्या शरीरात सगळ्या पेशी सारख्या वेळा दुभंगत नाहीत. बहुतेक मज्जापेशी एकदा तयार झाल्या की थांबतात, आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, आणि तांबड्या पेशी तर सेकंदाला वीसेक लाख नव्या तयार होतात. त्या तयार होताना आपलं केंद्रकच टाकून देतात, म्हणून चारेक महिने जगतात आणि पुढं दुभंगत नाहीत.

पहिला प्रश्न. होय, जाता येतं. १९६२ मध्ये जॉन गर्डन ह्यांनी बेडकाच्या डिंभकाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, आपलं केंद्रक नसलेल्या अंड्यात घातलं, आणि काही वेळा त्यातनं धडधाकट नवा डिंभक झाला. आतड्याच्या पेशीकडं बेडकाची अख्खी विद्या शाबूत होती. १९९६ ला मेंढीच्या कासेतल्या पेशीपासनं डॉली झाली. आणि २००६ ला जपानच्या शिन्या यामानाका ह्यांनी उंदराच्या त्वचेतल्या पेशींमध्ये फक्त चार जनुकं चालू केली आणि त्या परत मूलपेशींसारख्या झाल्या. गर्डन आणि यामानाका दोघांना २०१२ चं नोबेल एकत्र मिळालं.

मांजरीचं मला फार आवडलं. तांबडा की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडं दोन एक्स, तुमच्या मांजरीत एकावर तांबडं, दुसऱ्यावर काळं. गर्भ लहान असताना तिच्या प्रत्येक पेशीनं दोनातला एक एक्स कायमचा गुंडाळून ठेवला, कुठला ते जिथल्या तिथं, नेम नाही. मग ती पेशी दुभंगत गेली आणि लेकींनी तोच एक्स गुंडाळलेला ठेवला. म्हणून ठिपका. एकेक ठिपका म्हणजे तेव्हाच्या थोड्याशा पेशींची वंशावळ अंगावर लिहिलेली आहे. पांढरा भाग वेगळ्या कारणानं, तिथं रंगाच्या पेशी पोचल्याच नाहीत. १९६१ मध्ये मेरी लायन ह्या बाईंनी ही कल्पना मांडली. आणि म्हणूनच तीन रंगांचा बोका जवळजवळ दिसतच नाही.

---

हळदगाठ (सांगली, मार्केट यार्ड)

चाळीस वर्षं मांजरं बघतोय, तीन रंगांचा बोका नाही हे खरंच कधी लक्षात आलं नाही.

---

केळीची_रोपं (वाळवा तालुका)

दादा, अजून एक तुमच्या बागेतलंच. डॉगरीजच्या खुंटावर तुम्ही कलम भरता, तिथं पट्टी सोडल्यावर जो फुगीर पांढरट गोळा दिसतो तो कॅलस. कापलेल्या जागेच्या पेशी परत दुभंगायला लागून झालेला. पहिल्यांदा त्यात काहीच ओळख नसते, मग दोन्हीकडच्या नळ्यांच्या रेषेत ज्या पेशी येतात त्या नळ्या व्हायला लागतात आणि पाणी चढतं. शेजाऱ्याकडं बघून शिकणं म्हणायचं ते हे. आणि तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात तर तुमच्या तासगावच्या मातीतली, थॉम्पसन जातीच्या वेलीवर वेगळी दिसलेली फूट कुणीतरी ओळखून जपली त्यातनं आली. वाढत्या टोकाच्या एखाद्या पेशीत बदल झाला, ती दुभंगत गेली, तिची फांदी झाली, आणि आज एकरच्या एकर.

---

माळावरची_बाग

परत मुलगी. आज शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही कांद्याच्या मुळाची स्लाइड केली. कांदा चार दिवस पेल्यावर ठेवला होता, मुळं दोन सेंटिमीटर झालेली. मॅडमनी टोक कापून ॲसिडमध्ये गरम करून लाल रंगात घातलं आणि काचेखाली अंगठ्यानं दाबायला सांगितलं. मला आधी सगळं लाल डागासारखं दिसलं. मग टोकाजवळ आले तर चौकोनी चौकोनी पेशी खच्चून भरलेल्या, प्रत्येकीत मोठं केंद्रक, आणि एका पेशीत धागे दोन बाजूंना ओढले जात होते, पुस्तकातल्या पश्चावस्थेसारखे पण वाकडे. एकूण अकरा सापडल्या दुभंगताना.

मग मला धाग्यातलं आठवलं म्हणून मी स्लाइड हळूहळू वर सरकवली, टोकापासनं लांब. पेशी लांबट होत गेल्या, दुभंगणाऱ्या दिसेनाशा झाल्या, आणि मग एका ठिकाणी मधे वळ्यावळ्यांच्या भिंतीची लांब नळी दिसली. मॅडम म्हणाल्या ही पाण्याची नळी होतेय. मी परत खाली टोकापर्यंत आले आणि परत वर गेले. तीन वेळा.

---

माळावरची_बाग

आता मी, बाप. तिनं मोबाईलवर फोटो आणलाय, मला दाखवला. रिपोर्ट पण आला आज. ह्या साली विरळणी वेळेत केली होती, दहा काड्यांच्या तपासलेल्या डोळ्यात बहुतेक ठिकाणी घड आहे, खालचे दोन डोळे फोल आहेत, सहाव्या-सातव्यात चांगला आहे. त्या हिशोबानं आठव्या डोळ्यावर छाटणी धरतोय. पाऊस उघडला की सोमवारपासनं सुरू.

---

खुडूक (विटा)

दादा, पोरीला एकदा चौथ्या दिवसाचं अंडं बघायला घेऊन या. बॅटरी मी धरतो.

---

माळावरची_बाग

छाटणी उरकली की येतो. ती आत्ताच विचारायला लागलीय, मांजर आणली तर चालंल का म्हणून.

---

खुडूक (विटा)

मांजर सोडून सगळ्यांना घेऊन या.